डिल पिकलचं गोड लोणचं: साखर एकदम ओतू नका

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत दुकानातली डिल पिकलची, म्हणजे खारट-आंबट मुरवलेल्या काकड्यांची बरणी आणून घरी त्यांच्या गोड चकत्या करतात. 'कँडीड डिल्स' म्हणतात त्यांना. बार्बेक्यूच्या ताटात असतात, चीजबरोबर असतात, नुसत्या वाटीत घेऊनही खाल्ल्या जातात. मी नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहते. शेजारच्या आजींकडे पहिल्यांदा खाल्ल्या, तेव्हा मला थेट आमच्या घरचं लिंबाचं गोड लोणचं आठवलं. गेली बारा वर्षं मी त्या करते आहे. सोपं काम आहे, पण एका टप्प्यावर बहुतेकांची बरणी बिघडते, आणि तिथेच लोक सर्वांत वाईट सल्ला देतात.

आधी बरणी. अख्ख्या काकड्यांची, ४६ औंसांची (साधारण १.३६ लिटर) 'कोशर डिल' घ्या. इथे कोशर म्हणजे लसूण घातलेली, न्यूयॉर्कच्या ज्यू पद्धतीची. डिल म्हणजे आपला शेपूच. शेपूच्या नावानं नाक मुरडणाऱ्यांनीही घाबरू नये, साखरेत तो वास बडीशेपेसारखा मवाळ होतो. बरणीमागची यादी वाचा. त्यात कॅल्शियम क्लोराइड असेल तर काकडी करकरीत राहते. आमच्यापासून तासा-दीड तासावर माउंट ऑलिव्ह नावाचं गाव आहे. तिथली कंपनी १९२६पासून काकड्या मुरवते आणि एप्रिलमध्ये गावात पिकलची जत्राही भरते. मी बहुतेकदा तिथलीच बरणी आणते, पण दुसरी कुठलीही चालेल. फक्त बर्गरसाठी आधीच कापलेल्या पातळ चकत्या आणू नका, त्यांचा लगदा होतो. भारतात मिळणाऱ्या बरण्यांत बोटाएवढ्या घर्किन असतात. त्या अख्ख्या ठेवू नका, निदान उभ्या दोन फाका करा, कारण सालीतून साखर फार हळू आत जाते.

बाकीचं साहित्य: तीन कप साखर (६०० ग्रॅम), अर्धा कप अॅपल सायडर व्हिनेगर, दालचिनीचे दोन तुकडे, चमचाभर मोहरी, लसणाच्या तीन पाकळ्या, अर्धा चमचा लाल मिरचीचे फ्लेक्स. लवंग घालायचीच असेल तर दोन. जास्त घातल्या तर लोणच्याला दातांच्या औषधाचा वास येतो.

खार पूर्ण गाळून टाका, काकड्या चाळणीत वीस मिनिटं निथळू द्या, सेंटीमीटरभर जाडीच्या चकत्या करा. पाण्यानं धुऊ नका. 'खारटपणा जावा म्हणून धुवा' असं बऱ्याच ठिकाणी सांगतात, पण गोडाखाली तो खारटपणा लागला पाहिजे. तोच नसेल तर साखरेच्या पाकातली काकडी उरते.

आता साखर.

पहिल्या वर्षी मी तिन्ही कप साखर एकदम ओतली, कारण मिळालेल्या कृतीत तसंच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी बरणीत भरपूर पाक सुटलेला आणि चकत्या मनुकांसारख्या सुरकुतलेल्या. बाहेरून चिवट, आत खारट. पुढच्या वेळी दुसरा सल्ला ऐकला: साखर-व्हिनेगरचा पाक उकळून चकत्यांवर कढत ओतायचा. शेल्फवरच्या बरणीतल्या काकड्या कारखान्यात एकदा गरम झालेल्या असतात. त्यांच्यावर पुन्हा उकळता पाक पडला आणि चकत्या शिजल्या. दोन्ही बरण्या मी टाकून दिल्या. अन्न टाकताना जीव तुटतो, म्हणून हे इतकं सविस्तर सांगते आहे.

घडतं ते असं. बाहेर साखर दाट असली की काकडीतलं पाणी भराभर बाहेर येतं, साखर मात्र तितक्या वेगानं आत शिरत नाही. पाणी गेलं, जागा भरली नाही, काकडी आक्रसली. एकदा आक्रसली की ती पुन्हा फुगत नाही. मोरावळा करणारीला हे वेगळं सांगावं लागत नाही. आवळा सुरुवातीलाच घट्ट पाकात पडला तर गोटी होतो. म्हणून गोडी हळूहळू वाढवायची.

पहिल्या दिवशी बरणीत चकत्या आणि मसाल्यांचे थर लावा, व्हिनेगर ओता आणि एक कप साखर घाला. एकच. झाकण घट्ट लावून बरणी ताटलीत ठेवा आणि दर अर्ध्या तासानं उलटीसुलटी करा. तीन-चार तासांत साखर विरघळते, मग फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी दुसरा कप, तिसऱ्या दिवशी तिसरा, दोन्ही वेळा हेच सगळं पुन्हा. साखर घालून बरणी लगेच फ्रिजमध्ये ढकलू नका. थंडीत साखर विरघळायला फार वेळ लागतो, तळाशी दगडासारखा थर बसतो. मग तळच्या चकत्या साखरेत गाडलेल्या, वरच्या आंबट, आणि आपण चमच्यानं तळ खरवडताना निम्म्या मोडतो. आधीचा कप पूर्ण विरघळला नसेल तर पुढचा घालू नका, एक दिवस थांबा. पाहुणे शनिवारी येणार म्हणून दोन कप एकत्र करण्याचा मोह होतो. तो आवरा, त्यांना दुसरं काही वाढा.

यानंतर चार-पाच दिवस फ्रिजमध्ये. रोज एकदा बरणी उलटायची, बस्स.

झालं की नाही हे तारखेवरून ठरवू नका. एक चकती उजेडासमोर धरा. मधोमध पांढुरका, अपारदर्शक ठिपका दिसला तर साखर आतवर पोचलेली नाही. चकती मध्यापर्यंत काचेसारखी, गडद हिरवी दिसली की तयार. चावताना 'करक' आवाज आलाच पाहिजे.

हे लोणचं कायम फ्रिजमध्येच ठेवायचं आणि कोरड्या चमच्यानं काढायचं. माझ्याकडे दोन महिने उत्तम राहतं. साखर आहे म्हणून मुरांब्यासारखं कपाटात टिकेल असं धरून चालू नका. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांना वाढताना आधी सांगा, मीठ आणि साखर दोन्ही भरपूर आहेत.

मुलांसाठी करायचं तर मिसिसिपी डेल्टातली तऱ्हा आहे, 'कूलिकल': काकड्या उभ्या चिरून, त्यांच्याच खारात चेरीचं कूल-एड (सरबताची रंगीत पूड) आणि साखर विरघळवून आठवडाभर बुडवायच्या. लालभडक होतात. माझ्या मुलीला त्याच जास्त आवडतात, मला दालचिनीच्याच.

आमच्याकडे या चकत्या थालीपीठ आणि लोण्याबरोबर संपतात. उरलेल्या पाकात दुसरी बरणी मुरवू नका, काकड्यांच्या पाण्यानं तो पातळ झालेला असतो. गाळून ठेवा. कोबीच्या कोशिंबिरीवर दोन चमचे घाला, वेगळी साखर लागत नाही.