आवाजावर चालणारे घर : सुरुवात कूलरपासून करावी

मानेच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झाली की त्याखालच्या शरीराला घाम जवळजवळ येत नाही, त्यामुळे खोली तापली की अंगही तापू लागते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या नागपुरात अशा व्यक्तीसाठी कूलर ही चैन नव्हे. मानेवाड्यातील आमच्या घरी कूलरचा पंप चालू-बंद करण्यासाठी अशीच इजा झालेल्या माझ्या दादाला रात्री दोन-तीनदा आईला उठवावे लागे, आणि कित्येकदा तो संकोचाने हाकच मारत नसे. म्हणून घरातील उपकरणे आवाजावर चालवायची असतील, तर दिव्यांच्या आधी कूलरचा विचार करावा, असे मी आग्रहाने सुचवते.

पंखा आणि पंप यांची जोडणी वेगवेगळी काढून घ्यावी, कारण पहाटे गारवा वाढल्यावर पाणी थांबवून नुसती हवा लागते. इलेक्ट्रिशियनकडून बोर्डाच्या आत वाय-फायचे रिले मॉड्यूल, म्हणजे फोनवरून किंवा आवाजाने चालू-बंद होणारा छोटा स्विच, बसवून घेता येते. बहुतेक मॉड्यूलना न्यूट्रल वायर लागते, ती बोर्डात आहे का हे आधी पाहावे. भिंतीवरचे बटणही पूर्वीसारखे चालले पाहिजे. गीझरसाठी मात्र १६ अँपिअरचेच उपकरण घ्यावे.

खरी परीक्षा वीज गेल्यावर होते. एका रात्री वीज परत आली, पण कूलर बंदच राहिला. राउटर सुरू झालेला नसल्याने दादाच्या आज्ञा वाया गेल्या आणि सकाळी त्याचे अंग तापलेले होते. तेव्हापासून वीज येताच उपकरणे आधीच्या स्थितीत यावीत, अशी सेटिंग आम्ही केली, राउटरला छोटा यूपीएस जोडला आणि इंटरनेटशिवाय वाजणारी बॅटरीची बेल त्याच्या कोपराजवळ ठेवली. ही बेल कधीही काढू नये.

उपकरणांची नावे ठरवताना त्या व्यक्तीचा उच्चार ऐकावा. दादाच्या क्षीण आवाजात ‘पंखा’ आणि ‘पंप’ यांची गल्लत होई, म्हणून पंपाचे नाव आम्ही ‘पाणी’ ठेवले. बोलणे अस्पष्ट असेल, तर अँड्रॉइड फोनमधील स्विच ॲक्सेसच्या साहाय्याने एका बटणावरही फोन चालवता येतो.

ॲपचे खाते आणि पासवर्ड ज्याची खोली आहे त्याच्याकडेच असावा. आमच्याकडे ते दादाकडे आहे. खोलीत कॅमेरा लावू का, असे आम्ही विचारले तेव्हा त्याने नको म्हटले, आणि आम्ही तो लावला नाही.