बीव्हरचं मांस: सोलण्यापासून शिजवण्यापर्यंत

बीव्हरचं मांस चुलीवर क्वचितच बिघडतं. बिघडायचं ते आधीच, सोलताना बिघडलेलं असतं. शेपटीच्या बुडाशी असलेली वासाची पिशवी फुटली किंवा मांसाला चरबी चिकटून राहिली, की नंतर कितीही कांदा-लसूण घाला, ताटात तोच वास येतो. ही दोन कामं नीट झाली तर गडद लाल, बारीक धाग्याचं, गोमांसाच्या जवळ जाणारं पण किंचित गोडसर मांस हाती लागतं. म्हणून इथे शिजवण्याइतकीच जागा सुरीच्या कामाला दिली आहे.

आधी प्राणी कोणता ते पाहू. बीव्हरला पुष्कळदा ऊदबिलाव म्हटलं जातं, ते चूक. ऊद म्हणजे पाणमांजर, मासे खाणारं. बीव्हर हा खार-उंदरांच्या गणातला, निव्वळ शाकाहारी प्राणी. ॲस्पेन, विलो, बर्च यांची साल, कोवळ्या फांद्या आणि पाणवनस्पती यांवर तो जगतो. भारतात तो नाहीच. उत्तर अमेरिकेतला पूर्ण वाढलेला बीव्हर साधारण १६ ते ३० किलो भरतो. कॅनडातल्या क्री, डेने, इन्नू या आदिवासी लोकांच्या स्वयंपाकात हे मांस पूर्वापार आहे. १७व्या शतकात न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंच वसाहतीत, चर्चने पाण्यात राहणारा जीव म्हणून बीव्हर उपवासाच्या दिवसांतही चालवून घेतला. उपासाला साबुदाणा आणि बटाटा चालवून घेणाऱ्यांना याचं नवल वाटू नये.

मांस घेताना

कॅनडा आणि अमेरिकेत बीव्हर धरायला त्या त्या प्रांताचा किंवा राज्याचा परवाना लागतो. आदिवासी समाजांचे हक्क वेगळे आहेत. रानातलं मांस विकण्यावर बहुतेक ठिकाणी बंधनं आहेत. त्यामुळे शहरातल्या घरात ते येतं ते ओळखीच्या सापळेवाल्याकडून, भेट म्हणून. हंगाम मुख्यतः हिवाळ्याचा, कारण फर तेव्हा दाट असते आणि सापळे फरसाठीच लावलेले असतात. मांस घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: सापळा शेवटचा कधी पाहिला होता, धड किती लवकर थंड केलं, आणि गंधपिशव्या काढल्या आहेत का. बर्फाखालच्या पाण्यात अडकलेला प्राणी लगेच थंड होतो. उबदार दिवसात किनाऱ्यावर पडून राहिलेल्याचं पोट फुगतं आणि मांसाला आतून वास लागतो. सापळ्याबाहेर मेलेला सापडलेला किंवा आजारी, सुस्त दिसणारा बीव्हर खाण्यासाठी घेऊ नये.

वजनावरून वयाचा अंदाज येतो. १२ किलोच्या आतला बीव्हर कोवळा, तो भाजताही येतो. २० किलोच्या वरचा चिवट, त्याला मंद आचेवर तासन्‌तास शिजवण्यावाचून गती नाही.

हातमोजे कशासाठी

बीव्हरमध्ये ट्युलरेमिया या रोगाचे जंतू असू शकतात. हातावरच्या बारीकशा चिरेतूनही ते शरीरात शिरतात. म्हणून सोलताना आणि कच्चं मांस कापताना रबरी हातमोजे घालायचेच. गोठवल्याने हे जंतू मरतात असं धरून चालू नका. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोचलं पाहिजे. यकृतावर किंवा प्लीहेवर पांढरे ठिपके दिसले तर सगळं धड टाकून द्यावं, एखादा तुकडा वाचवायचा मोह नको. हाताळल्यानंतर दोन आठवड्यांत ताप आला, हातावर न भरणारी जखम झाली किंवा बगलेत गाठ आली, तर डॉक्टरांना बीव्हर सोलल्याचं आपणहून सांगा. शहरातल्या डॉक्टरला ते सुचेलच असं नाही. जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीमुळे होणाऱ्या जुलाबांना तिकडे ‘बीव्हर फीव्हर’ म्हणतात. तेव्हा काम झाल्यावर साबणाने हात धुणं, पाट आणि सुऱ्या उकळत्या पाण्याने धुणं हे आलंच.

सोलणं

धड पाठीवर उताणं ठेवा. पाय घोट्यापाशी आणि शेपटी केस संपतात तिथे कापून बाजूला करा. शेपटी टाकू नका, तिच्याकडे शेवटी येऊ. हनुवटीपासून शेपटीकडे फक्त कातड्यापुरता एक सरळ छेद घ्या आणि तो गुदद्वाराच्या चार बोटं आधी थांबवा. बोकडाचं कातडं मूठ घालून सुटतं, तसं हे सुटत नाही. ते चरबीला घट्ट चिकटलेलं असतं, म्हणून छोट्या धारदार सुरीने इंच-इंच मोकळं करावं लागतं. पहिल्यांदा करणाऱ्याला यात तासभर सहज जातो.

आता सगळ्यात जपून करायचं काम. ओटीपोटाच्या खालच्या भागात, ओटीच्या हाडाच्या आणि शेपटीच्या मध्ये, पिशव्यांच्या दोन जोड्या असतात. एक जोडी गंधपिशव्यांची: तपकिरी, नासपतीच्या आकाराची. हीच वाळवून अत्तरवाल्यांना विकली जाते. तिच्याशेजारी तेलग्रंथींची फिकट जोडी. नरातही आणि मादीतही दोन्ही असतात. बोटांनी चाचपून आधी त्यांच्या कडा ओळखा. मग गुदद्वाराभोवती गोल छेद घ्या आणि पिशव्यांना धरून ठेवणारा पडदा सुरीच्या टोकाने मोकळा करत चारही पिशव्या आणि गुदद्वार एकत्रच बाहेर काढा. एकेक काढायला गेलं की फुटते. फुटलीच तर पाणी ओतू नका, वास पसरतो. डागाळलेलं मांस कापून टाका आणि सुरी व हातमोजे दोन्ही बदला. याच कारणासाठी या कामाला वेगळी सुरी ठेवणारे शहाणे.

पोट उघडताना पातं वरच्या बाजूला, खाली दोन बोटं. सालीवर जगणाऱ्या या प्राण्याचं अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, भलंमोठं असतं. त्याला टोचलं की आंबलेल्या लाकडाचा घाण वास मांसाला लागतो. आतडी, मूत्राशय काढून टाका. यकृत खाणारे खातात, पण नवख्याने ते सोडून द्यावं.

नंतर पुढच्या पायांच्या बगलेत, खांदा आणि बरगड्यांच्या मध्ये, तसंच कंबरेजवळ लहान गाठी हाताला लागतात. त्याही उचलून काढा.

चरबी

आपल्याकडे मटण घेताना थोडी चरबी मागून घेतात, रश्श्यावर तर्री आली पाहिजे म्हणून. बीव्हरच्या बाबतीत ही सवय घात करते. रानवट, वशट चव चरबीतच साठलेली असते. शिवाय ही मऊ चरबी फ्रीझरमध्येही लवकर खवट होते. वरचा पांढरा थर काढणं सोपं. विसरतो तो स्नायूंच्या मधला. म्हणून मांडी अख्खी न ठेवता स्नायूंच्या नैसर्गिक जोडांवर मोकळी करा आणि मधल्या भेगांतली चरबी, पांढरे पडदे, शिरा खरवडून घ्या. मांस थंडगार असताना हे काम सोपं जातं, चरबी घट्ट झालेली असते. काम झाल्यावर तुकडे लाल दिसले पाहिजेत; पांढुरके दिसले तर परत बसा. शेपटी तेवढी याला अपवाद.

मागच्या मांड्या आणि पाठीच्या कण्यालगतच्या दोन पट्ट्या हा उत्तम भाग. खांदे रस्स्याला, बरगड्यांवर फारसं काही नसतं.

भिजवणं

मांस ४ अंशांच्या आत फ्रिजमध्ये, उघड्या जाळीवर दोन दिवस मुरू द्या. त्यानंतर ३ लिटर थंड पाण्यात १ मोठा चमचा मीठ आणि अर्धा कप व्हिनेगर घालून रात्रभर फ्रिजमध्येच भिजवा. याने रक्त उतरतं आणि वास सौम्य होतो. दोन-दोन दिवस भिजवलं तर वरचा थर भुसभुशीत होतो, फायदा काही नाही. जून बीव्हर असेल तर पुढची एक पायरी करावी: २ लिटर पाण्यात १ छोटा चमचा खाण्याचा सोडा, मांस त्यात १० मिनिटं मंद उकळायचं, ते पाणी फेकून द्यायचं, मांस धुऊन घ्यायचं. कोवळ्याला ही गरज नाही, उलट चव जाते.

शिजवणं

पहिल्यांदा करणाऱ्याने बंद भांड्यातला मंद रस्साच करावा. दीड किलो बिनहाडाच्या मांसाचे ४-५ सेंटिमीटरचे तुकडे फडक्याने कोरडे करा. ओलं मांस खरपूस होत नाही, वाफवलं जातं. जाड बुडाच्या भांड्यात २ मोठे चमचे तेल कडकडीत तापवून तुकडे थोडे-थोडे करून परता आणि बाजूला काढा. त्याच भांड्यात २ मोठे कांदे, ३ गाजरं, सेलरीच्या २ दांड्या, ५ लसूण पाकळ्या तांबूस करा, २ मोठे चमचे टोमॅटो पेस्ट परता. अर्धा लिटर गडद बिअर किंवा मांसाचं पाणी घालून बुडाला लागलेलं खरवडून घ्या. २ तमालपत्रं, थाईमच्या काड्या, ठेचलेली ५-६ जुनिपरची फळं, २ छोटे चमचे मीठ. मांस परत घालून झाकण लावा आणि १६० अंशांच्या ओव्हनमध्ये ३ तास ठेवा. पाणी तुकड्यांच्या अर्ध्यापर्यंत पुरे. काटा न अडता आत गेला म्हणजे झालं. अडीच तासांनी मांस कडक लागलं तर घाबरू नका, स्नायूंमधलं चिवट जाळं अजून विरघळायचं आहे. आच वाढवली तर मात्र धागे कोरडे पडतात.

प्रेशर कुकरमध्ये मंद आचेवर ३० ते ३५ मिनिटं लागतात. मसालेदार करायचं तर आलं-लसूण, भाजलेला कांदा आणि थोडा काळा मसाला बेताने घालावा. खोबऱ्याचं दाट वाटण घातलं तर या मांसाची मूळ गोडी हरवते. चरबी काढलेली असल्याने तेल मटणापेक्षा जरा जास्त लागेल. उरलेलं दुसऱ्या दिवशी अधिक चांगलं लागतं. कच्चं ठेवायचं तर हवाबंद करून उणे १८ अंशांना, सहा महिन्यांच्या आत संपवावं.

कोवळा बीव्हर उत्तरेकडे दोरीला टांगून विस्तवाशेजारी हळूहळू फिरवत भाजतात. खाली रस गोळा करायला भांडं हवंच.

शेपटी

बीव्हर या चपट्या शेपटीतही चरबी साठवतो. थेट ज्वाळेवर धरा. खवल्यांच्या कातडीला फोड येऊन ती सुटू लागते, मग भाजलेल्या वांग्यासारखी सोलून काढा. आतला गर पांढरा, लिबलिबीत, चरबीचा, मधोमध हाड. नुसता खाल्ला तर पहिल्या घासाला सगळ्यांना आवडेल असं नाही. काप करून सुक्या वाटाण्याच्या किंवा राजम्याच्या सुपात तासभर शिजवला तर सूप दाट होतं. कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, ‘बीव्हरटेल’ (बीव्हरची शेपटी) नावाने जे विकतात ते या आकाराचं तळलेलं पीठ, दालचिनी-साखर भुरभुरलेलं. त्यात बीव्हरचा अंशही नसतो.