ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल घरी बदलण्याआधीची तयारी

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले ऑइल बदलण्याचे प्रत्यक्ष काम एका सकाळीत उरकते, पण ते नीट पार पडणार की टोइंगची गाडी बोलवावी लागणार, हे आधीच्या आठवड्यातच ठरलेले असते. काही मोटार कंपन्या हे ऑइल आयुष्यभराचे असल्याचे सांगतात. मात्र अनेक कंपन्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षे झाली की ते बदलण्याची शिफारस करते. घोडबंदर रोडवर किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर रोज रखडत चालणाऱ्या गाडीसाठी यातला खालचा आकडाच धरावा, असे माझे मत आहे. कमी वेगात टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग, घसरत काम करतो, त्या घसरणीची सगळी उष्णता ऑइलमध्ये उतरते आणि सतत तापलेले ऑइल लवकर जुने होते.

पहिली तयारी कागदावरची आहे. आपल्या गाडीत नेमका कोणता गिअरबॉक्स आहे, हे मॉडेलच्या नावावरून ठरवू नये. 2020 साली आलेल्या ह्युंदाई क्रेटाचेच पाहा: साध्या पेट्रोल इंजिनाला आयव्हीटी म्हणजे सीव्हीटीचाच (ठरावीक गिअर नसलेल्या बॉक्सचा) प्रकार, डिझेलला टॉर्क कन्व्हर्टरचा सहा गिअरचा बॉक्स आणि टर्बो पेट्रोलला ड्युअल क्लच म्हणजे दोन क्लचचा बॉक्स. नाव एकच, गिअरबॉक्स तीन, आणि तिघांची ऑइले वेगळी. सीव्हीटीमध्ये पट्टा किंवा साखळी आणि पुली यांची पकड ऑइलच्या घर्षणगुणांवर अवलंबून असते, त्यामुळे तिथे साधे एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) ओतणे म्हणजे गिअरबॉक्स घालवणे होय. एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, त्यावर गिअर बदलणारी यंत्रणा बसवलेली असते; त्याला गिअर ऑइल लागते आणि त्या यंत्रणेचे हायड्रॉलिक ऑइल असल्यास ते निराळे. कोरड्या, म्हणजे ऑइलमध्ये न बुडलेल्या, ड्युअल क्लचच्या गिअरबॉक्सच्या वाटेला घरी जाऊच नये. म्हणून गाडीच्या माहितीपुस्तिकेतला ऑइलचा दर्जा, उदाहरणार्थ टोयोटाचे डब्ल्यूएस किंवा होंडाचे डीडब्ल्यू-1, वहीत उतरवून घ्यावा आणि चासी नंबर घेऊन अधिकृत पार्ट्स काउंटरवर तो पुन्हा पडताळावा. तिथेच चेंबरचे (गिअरबॉक्सच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या पात्राचे) गॅस्केट, फिल्टर आणि ड्रेन प्लगचे (ऑइल काढण्याच्या बुचाचे) नवे वॉशर यांचे पार्ट नंबर विचारून घ्यावेत. ‘सगळ्या गाड्यांना चालते’ असे दुकानदार म्हणाला, तर कॅनच्या मागे छापलेल्या यादीत आपला दर्जा आहे का ते स्वतः वाचावे. गाडी वॉरंटीत असेल, तर हा सगळा खटाटोप पुढे ढकललेला बरा.

गाडीची पूर्वपीठिकाही तपासावी लागते. गिअर उशिरा पडतो, चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, अशी लक्षणे आधीपासून असतील, तर झिजलेल्या क्लच प्लेटा नव्या ऑइलने भरून येत नाहीत. अशा गाडीला आधी जाणकार मेकॅनिककडे न्यावे. पावसाळ्यात गाडी पाण्यात उभी राहिली असेल, तर ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याच्या छिद्रातून) पाणी आत गेलेले असू शकते. ऑइल गुलाबी आणि दुधाळ दिसले तर तो साध्या ऑइल बदलाचा विषय राहत नाही.

खरेदीचे प्रमाण ठरवताना लक्षात ठेवावे की ड्रेन प्लग उघडल्यावर सगळे ऑइल निघत नाही. बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांमध्ये अडकून राहते. दर वेळी निम्मे निघते असे धरले, तर पहिल्या बदलानंतर 50, दुसऱ्यानंतर 75 आणि तिसऱ्यानंतर सुमारे 87 टक्के ऑइल नवे होते. मशीनने दाब देऊन धुण्यापेक्षा काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा बदलणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, आणि म्हणून दोन्ही वेळचे ऑइल, शिवाय एक लिटर जास्तीचे, एकदमच आणावे. कॅनचे सील आणि बॅच नंबर दुकानातच पाहावेत, बिल जपून ठेवावे.

आता जागा. ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये हाच मुद्दा सगळ्यात अवघड ठरतो. स्टिल्टमधली फरशी वरवर सपाट वाटते, पण पाणी गटाराकडे वाहावे म्हणून तिला उतार दिलेला असतो, आणि गाडी तिरकी असली की ऑइलची पातळी चुकीची दिसते. गवंड्याची पाणसळ दाराखालच्या पट्टीवर एकदा लांबीत ठेवून आणि दुसऱ्यांदा दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर आडवी फळी टाकून पाहावी. मोबाइलमधल्या पाणसळीपेक्षा ती भरवशाची. पोडियमवर पेव्हर ब्लॉक असतील तर जॅक स्टँडचे पाय त्यांच्या फटीत रुततात, म्हणून प्रत्येक पायाखाली जाड प्लायवूडचा तुकडा घालावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालू नये, मग काम पाच मिनिटांचे का असेना. पातळी तपासताना गाडी चारही बाजूंनी सारखी उचललेली हवी, म्हणजे चार स्टँड लागतील; दोन स्टँड आणि पुढची चाके वर, असा जुगाड ऑइल काढण्यापुरता चालतो, पातळी मोजायला नाही. तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करू नये, कारण पातळी बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून तपासायची असते आणि बंदिस्त जागेत धूर साचतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना आदल्या दिवशी कल्पना द्यावी आणि सांडलेले टिपायला लाकडाचा भुसा हाताशी ठेवावा. फरशीवर डाग दिसला की सभेत विषय निघतोच.

हत्यारांत सॉकेट, अ‍ॅलन की आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळण्याचा पाना) पुरेसे आहेत. ड्रेन प्लग अॅल्युमिनियमच्या भागात बसलेला असू शकतो आणि अंदाजाने आवळला तर आटे जातात, म्हणून प्लगचा आणि चेंबरच्या बोल्टांचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये आधीच लिहून ठेवावा. ऑइल झेलायला रुंद घमेले, भरायला लांब नळीचे नरसाळे किंवा, भरण्याचे छिद्र बाजूला असेल तर, हातपंप लागतो. सुती चिंध्यांचे धागे आत राहून व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतात, तेव्हा धागे न सुटणारे फडके घ्यावे. नायट्राइल हातमोजे आणि चष्मा लागतोच. या सगळ्यांहून महत्त्वाचा नियम असा की, ऑइल काढण्याआधी भरण्याचा प्लग सैल करून पाहावा. तो जाम निघाला तर काम तिथेच थांबवावे. ऑइल काढून झाल्यावर भरण्याचे तोंड उघडत नाही हे कळले, तर गाडी जागची हलवता येत नाही.

तापमानाबाबत या भागात विशेष काळजी घ्यावी लागते. तापल्यावर ऑइल प्रसरण पावते, म्हणून ज्या गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते त्यांची पातळी ठरावीक तापमानाला, तपासणीचा प्लग उघडून, बारीक धार थेंबांवर येईपर्यंत पाहायची असते. ही मर्यादा काही गिअरबॉक्ससाठी 30 ते 50 अंश सेल्सिअस, तर काहींसाठी 40 ते 45 इतकी अरुंद असते. मे महिन्याच्या दुपारी ठाण्यात हवाच 35 अंशांच्या आसपास असते, त्यामुळे इंजिन सुरू केल्यावर ती मर्यादा बघता बघता ओलांडली जाते आणि गाडी थंड होण्याची वाट पाहत बसावे लागते. पावसाळ्यात हवेतला दमटपणा आणि उडणारे पाणी नको. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ सर्वांत सोयीची. गिअरबॉक्सचे तापमान ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातली माहिती दाखवणाऱ्या उपकरणावर) वाचावे, पण आपला स्कॅनर तो आकडा दाखवतो का हे आधी तपासावे. कूलंटचे तापमान म्हणजे गिअरबॉक्सचे नव्हे. या टप्प्यावर एक सोबती लागतो. त्याने ब्रेक घट्ट दाबून लिव्हर पार्कपासून ड्राइव्हपर्यंत प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबवत फिरवावा, कारण चाके अधांतरी असताना ब्रेक सुटला तर ती फिरू लागतात. हे कोणत्या क्रमाने करायचे ते आदल्या दिवशीच त्याला समजावून सांगावे.

मोजमापासाठी खुणा असलेल्या रिकाम्या बाटल्या लागतात, म्हणजे जितके निघाले तितकेच भरता येते. काढलेले ऑइल नव्याइतके थंड झाल्यावरच मोजावे, कारण चार लिटर ऑइल 60 अंशांनी थंड झाले तर सुमारे पावणेदोनशे मिलिलिटर आकसते, आणि गरम असताना मोजून भरले तर तेवढे जास्त भरले जाते.

जुन्या ऑइलची सोयही आधीच करावी. 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. भंगारवाला ते आनंदाने नेतो आणि ते पुढे सेंट्रिंगच्या फळ्यांना फासायला जाते, म्हणून त्याच्याकडे देऊ नये. नाल्यात तर मुळीच ओतू नये. आपले नाले ठाण्याच्या खाडीला मिळतात आणि त्या खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले आहे. ज्या सर्व्हिस सेंटरमधून अधिकृत पुनर्वापर करणारे ऑइल नेतात, त्यांना ते घेतील का असे आधी फोन करून विचारावे आणि झाकणबंद कॅनमध्ये नेऊन द्यावे.

शेवटी काम मध्येच थांबवावे लागले तर काय, याचीही व्यवस्था हवी. चेंबरमधल्या चुंबकांवर राखाडी, बारीक लेप असणे ठीक. चिमटीत टोचणारे धातूचे कपचे मिळाले, तर फोटो काढून, नवे ऑइल ठरल्या प्रमाणात भरून गाडी बंद करावी आणि ती गिअरबॉक्स उघडणाऱ्या वर्कशॉपकडे टोइंग करून न्यावी. त्यासाठी टोइंगचा आणि मेकॅनिकचा नंबर आधीच खिशात हवा, दोघेही त्या दिवशी कामावर असल्याची खात्री करावी, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायला ही गाडी मिळेल असे गृहीत धरू नये.