हिमोग्लोबिन कमी आलंय? लगेच गोळ्या सुरू करण्याची चूक टाळा

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोहाच्या गोळ्या आणल्या जातात. अंदाज बऱ्याचदा बरोबरही निघतो, कारण लोहाच्या कमतरतेचा ॲनिमियाच सर्वांत जास्त आढळतो. घोळ होतो तो बाकीच्यांचा.

सीबीसीच्या (रक्तपेशींच्या तपासणीच्या) कागदावर थोडं खाली एमसीव्ही लिहिलेला असतो, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार. तो न वाचणं ही सगळ्यात मोठी चूक. प्रौढांमध्ये तो साधारण 80 ते 100 असतो. कमी असेल तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा सौम्य आनुवंशिक दोष), जास्त असेल तर बी12 किंवा फोलेट कमी असण्याची शक्यता. आकार नॉर्मल असला तर किडनीचे किंवा इतर जुने आजार तपासावे लागतात. लोह आणि बी12 दोन्ही कमी असले तरी एमसीव्ही नॉर्मल दिसू शकतो. अशा वेळी आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारांतला फरक दाखवणारा आकडा) बहुधा वाढलेला असतो.

एमसीव्ही 65, पण आरबीसी (तांबड्या पेशींची संख्या) 58 लाख असा रिपोर्ट आला तर थांबा. पेशी लहान आणि संख्या भरपूर, हे चित्र थॅलेसेमिया मायनरचं असू शकतं. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि हिमोग्लोबिन एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करून घ्या. लोह कमी नसताना महिनोन्‌महिने गोळ्या खाऊन काहीच साधत नाही.

फेरिटिनचंही एक आहे: अंगात ताप किंवा सूज असताना ते वाढतं, त्यामुळे लोह कमी असूनही रिपोर्ट चांगला दिसतो.

बी12 न तपासता नुसतं फोलिक ॲसिड (फोलेटची गोळी) घेणं तर धोक्याचंच. हिमोग्लोबिन सुधारतं, सगळे खूश होतात, आणि नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर विशेष जपा.

पुरुषांमध्ये आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये लोह कमी निघालं, तर ‘खाण्यात कमी पडलं असेल’ म्हणून विषय सोडू नका. पोटातून किंवा आतड्यातून नकळत रक्त जात असू शकतं. अल्सर, कधी कर्करोगही निघतो.

लोहाची कमतरता नक्की झाली, की गोळी चहा-कॉफी किंवा कॅल्शियमसोबत घेऊ नका. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला साधारण तीन महिने डोस चालू ठेवावा लागतो. गोळ्यांनी शौच काळी होते, त्याची भीती नको. मात्र ती डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.