लिंबाच्या स्क्वॅशमध्ये केएमएस कसे आणि किती घालावे

पावसाळ्यात लिंबे स्वस्त झाली की पुण्यातील अनेक घरांत स्क्वॅश केला जातो आणि तो टिकावा म्हणून त्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजेच केएमएस, चिमटीच्या अंदाजाने घातले जाते. हा अंदाज सोडून द्यावा, कारण येथे प्रमाण आणि आंबटपणा या दोन्हींचा हिशेब एकत्रच करावा लागतो.

केएमएस पाण्यात विरघळले की बायसल्फाइट तयार होते, आणि आम्लात त्याचा काही भाग विरघळलेल्या सल्फर डायऑक्साइडच्या रूपात जातो. पाठ्यपुस्तके या द्रावणाला सल्फ्युरस आम्ल म्हणतात; मात्र ते शुद्ध रूपात वेगळे काढता येत नाही. स्क्वॅश आंबवून बिघडवणाऱ्या यीस्टच्या पेशीत सहज शिरतो तो हा सल्फर डायऑक्साइड, विद्युतभारित बायसल्फाइट नव्हे. सामू (पीएच; तो जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ३ असताना मुक्त, म्हणजे इतर घटकांशी न जोडलेल्या, सल्फाइटपैकी सुमारे ६ टक्के या उपयोगी रूपात असते, तर सामू ४ झाला की जेमतेम ०.६ टक्का उरते. म्हणून आंब्याच्या किंवा मोसंबीच्या स्क्वॅशमध्ये केएमएस वाढवत नेण्याऐवजी सायट्रिक आम्ल घालून आंबटपणा वाढवावा.

भारतीय नियमांनुसार स्क्वॅशमध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोमागे ३५० मिलिग्रॅम आहे. केएमएसच्या वजनाच्या सुमारे ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो, त्यामुळे १ किलो स्क्वॅशला ०.६ ग्रॅम पावडर पुरते. सोनार वापरतात तशा छोट्या काट्यावर ती मोजावी, दोन चमचे पाण्यात पूर्ण विरघळवावी आणि पाक व रस यांचे मिश्रण पूर्ण थंड झाल्यावरच घालून ढवळावे. गरम मिश्रणातून वायू उडून जातो आणि मोजलेले प्रमाण व्यर्थ ठरते. ढवळताना खिडकी उघडी ठेवावी आणि दम्याचा त्रास असलेल्या व्यक्तीला दूर ठेवावे. असा स्क्वॅश पिण्यानेही त्यांना त्रास होऊ शकतो, हे पाहुण्यांना देताना आवर्जून सांगावे.

जुनी पावडर हवेने सल्फेट बनून निकामी होते. तिच्या द्रावणाच्या थोड्या वेगळ्या काढलेल्या भागात जखमेवर लावतात त्या पोव्हिडोन आयोडीनचा थेंब टाकावा. तपकिरी रंग लगेच उडाला नाही तर ती टाकून द्यावी. रंग उडाला तरी पावडर पूर्ण ताकदीची आहे असे त्यावरून ठरत नाही, म्हणून दरवर्षी नवे पाकीट आणणेच मला योग्य वाटते.

कोकम आणि जांभूळ यांना मात्र केएमएस लावू नये, कारण बायसल्फाइट त्यांच्या लाल-जांभळ्या रंगद्रव्याशी जोडले जाऊन रंग फिका पाडते. तेथे सोडियम बेंझोएट वापरावे.