हेलिकोबॅक्टर पायलोरीवरचा चौदा दिवसांचा औषधोपचार नीट कसा पूर्ण करावा

एंडोस्कोपीत किंवा विष्ठेच्या तपासणीत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जीवाणू आढळला की डॉक्टर एकदम तीन-चार प्रकारच्या गोळ्या लिहून देतात आणि ती चिठ्ठी पाहूनच पुष्कळांना धास्ती बसते. एवढ्या गोळ्यांना कारण आहे. हा जीवाणू जठराच्या बुळबुळीत अस्तरात दडून राहतो, युरियापासून अमोनिया तयार करून भोवतालचे आम्ल शमवतो, आणि एकच प्रतिजैविक दिले तर त्याला न जुमानणारे जीवाणू मागे उरून पुन्हा वाढतात. शिवाय तीव्र आम्लात काही प्रतिजैविकांचा प्रभाव घटतो, म्हणून आम्ल कमी करणारी गोळी जोडीला लागतेच.

अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीने २०२४ साली पहिल्या उपचारासाठी आम्लरोधक गोळी (जठरात आम्ल तयार होणेच कमी करणारी, ओमेप्राझोलसारखी), बिस्मथ, आणि टेट्रासायक्लिन व मेट्रोनिडॅझोल ही दोन प्रतिजैविके असा चौघांचा संच सुचवला. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाला जुमानत नाहीत असे जीवाणू वाढल्यामुळे त्यावर आधारलेला जुना तिहेरी उपचार आता डोळे झाकून देता येत नाही. कोणता संच घ्यायचा हे डॉक्टरांनीच ठरवावे. पेनिसिलिनची ॲलर्जी, गर्भारपण, यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे आजार आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची माहिती त्यांना न विचारता द्यावी. शेजाऱ्याची जुनी चिठ्ठी दाखवून औषधे आणणे धोक्याचे आहे.

खरी कसोटी वेळा पाळण्याची असते. आम्लरोधक गोळी सकाळी न्याहारीपूर्वी आणि रात्री जेवणापूर्वी अर्धा ते एक तास आधी घ्यावी. टेट्रासायक्लिन बहुधा दिवसातून चार वेळा असते आणि नेमके तिथेच आपल्याकडे घोटाळा होतो, कारण जेवणानंतर ताक पिण्याची किंवा रात्री दूध घेण्याची सवय असते. दुधातील कॅल्शियम या औषधाला बांधून ठेवते व ते रक्तात पुरेसे उतरत नाही. म्हणून दूध, दही, ताक, तसेच लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या यांच्यात आणि टेट्रासायक्लिनमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. रात्रीची गोळी पेलाभर पाण्यासोबत घ्यावी व लगेच आडवे होऊ नये, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते. मेट्रोनिडॅझोल चालू असताना मद्य पूर्ण वर्ज्य करावे.

बिस्मथमुळे शौच काळे होते, मेट्रोनिडॅझोलमुळे तोंडाला धातूसारखी चव येते. या दोन्हींना घाबरून औषध थांबवू नये. मात्र डांबरासारखे चिकट काळे शौच व सोबत चक्कर, अंगावर पुरळ, किंवा तीव्र जुलाब झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. पोटदुखी पाचव्या-सहाव्या दिवशीच थांबली तरी उरलेल्या गोळ्या सोडू नयेत.

उपचारानंतरची तपासणी बहुतेक जण टाळतात, आणि ती माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे. बरे वाटणे म्हणजे जीवाणू गेला असे नव्हे. प्रतिजैविके संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्लरोधक गोळी दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाची युरिया चाचणी किंवा विष्ठेतील प्रतिजन (जीवाणूचे अंश शोधणारी) चाचणी करावी. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी इथे उपयोगाची नाही, कारण ती बरे झाल्यावरही बराच काळ सकारात्मक येऊ शकते. जीवाणू शिल्लक निघाल्यास आधीची चिठ्ठी जपून न्यावी, म्हणजे पुढच्या संचात तेच क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखे प्रतिजैविक पुन्हा दिले जाणार नाही.