पोटाचं जुनाट दुखणं आणि मनाची भीती: थेरपी कशी सुरू करावी

आयबीएस (आतड्याला सूज नसतानाही पोट वारंवार दुखणं-बिघडणं), क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (दोन्ही आतड्याला सूज आणणारे जुनाट आजार) असणाऱ्याला मानसोपचार सुचवला की 'म्हणजे मी नाटक करतोय का?' असं वाटतं. दुखणं खरंच असतं. भीती वाटली की आतड्याची हालचाल बदलते आणि नसा इतक्या हळव्या होतात की साध्या गॅसचीही कळ येते. कळ आली की भीती आणखी वाढते. थेरपी हे चक्र तोडते.

शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. क्रोन्स-कोलायटिसची औषधं थेरपी चालू असतानाही घ्यायचीच. आतड्याची सूज उतरवणं हे थेरपीचं काम नव्हे.

पहिले दोन आठवडे वही ठेवा: वेळ, प्रसंग, मनात काय आलं, पोटात काय झालं, मग काय केलं. बहुतेकजण फक्त खाल्लेलं लिहितात आणि एकेक पदार्थ सोडत जातात.

सोबत पोटाने श्वास. एक हात छातीवर, एक पोटावर. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं. वरचा हात जवळपास स्थिर राहिला पाहिजे. चक्कर आली तर श्वास फार खोल जातोय. पोट शांत असताना सराव नसेल, तर ऐन कळ आल्यावर हा श्वास जमत नाही.

सीबीटीतला (विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीतला) सर्वांत कामाचा आणि सर्वाधिक टाळला जाणारा भाग म्हणजे भीतीची शिडी. निघण्यापूर्वी चार-चार वेळा शौचाला जाणं, प्रवासाआधी उपाशी राहणं, पोहोचताच शौचालय शोधणं यांनी तेवढ्यापुरतं हायसं वाटतं. पण मन शिकतं की 'यामुळेच वाचलो'. अशा आठ-दहा गोष्टी लिहून, ती सोडताना किती भीती वाटेल याचे प्रत्येकीला शंभरपैकी गुण द्या. तीस-चाळीस गुणांची आधी घ्या: उदाहरणार्थ, निघताना एकदाच शौचाला जाऊन पंधरा मिनिटांचा बसप्रवास. भीती ओसरेपर्यंत तीच पायरी पुन्हा पुन्हा, मग पुढची. थेट ऐंशीची पायरी घेतली आणि अर्ध्यावर परतलात, तर भीती उलट पक्की होते. आजार उफाळलेला असताना मात्र शिडी थांबवा. तेव्हा शौचालय जवळ असणं ही खरी गरज असते.

पोटावर केंद्रित संमोहन आयबीएसमध्ये उपयोगी ठरलं आहे: साधारण सात ते बारा सत्रं आणि घरी रोज रेकॉर्डिंग ऐकणं. घरचा सराव बुडाला की परिणामही बुडतो. पूर्वी भ्रम-भास झाले असतील तर ते आधी सांगा.

थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा: पोटाच्या रुग्णांसोबत काम केलंय का, घरी करायला काय देणार? गप्पांपलीकडे काही नसेल आणि सहा-आठ सत्रांत वहीत काहीच हललं नसेल, तर तसं स्पष्ट बोला. पद्धत किंवा थेरपिस्ट बदलण्यात गैर काही नाही.